गोल नसलेल्या खेळाडूचा व्हिडिओ

प्रश्न: मी कोल्हापूरचा, वय १९. गेली दोन वर्षं केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगमध्ये एका तालमीच्या फुटबॉल संघाकडून डिफेन्सिव्ह हाफ खेळतो. गोव्यात किंवा मुंबईत मोठ्या क्लबकडे जायची इच्छा आहे. मित्रांनी मोबाईलवर काढलेले तुकडे जोडून मी दहा मिनिटांचा व्हिडिओ केला. त्यात माझे तिन्ही गोल आहेत (दोन वर्षांत तीनच झाले), प्रत्येक गोल स्लो मोशनमध्ये परत दाखवला आहे, फ्री किक आहेत, सरावातलं जगलिंग आहे, मागे दमदार गाणं आहे. पाच क्लबांना पाठवला, एकाचंही उत्तर नाही. आता एक जण म्हणतोय, २५ हजार दे, प्रोफेशनल व्हिडिओ बनवतो आणि क्लबमध्ये ट्रायलही लावून देतो. वडील म्हणतात देऊ पैसे, पण मला खात्री वाटत नाही. काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर:

आधी पैशाचं सांगून टाकू. २५ हजार देऊ नकोस, आणि वडिलांना आजच तसं सांग. का, ते पुढे येईलच.

आता व्हिडिओ. तू खेळतोस डिफेन्सिव्ह हाफ आणि व्हिडिओ केला आहेस फॉरवर्डचा. तो उघडणाऱ्या प्रशिक्षकाला दोन वर्षांत तीन गोल करणारा एक मुलगा दिसतो. बचावफळीच्या पुढे उभं राहून समोरच्याचा हल्ला मोडायचा आणि चेंडू स्वच्छ पुढे द्यायचा, हे तुझं खरं काम त्या दहा मिनिटांत कुठेच नाही. उत्तर आलं नाही म्हणून तुझ्या खेळात खोट आहे असं समजू नकोस. तुझा खेळ त्यांनी अजून पाहिलेलाच नाही.

तुझ्या जागेवरच्या खेळाडूकडे बघताना प्रशिक्षकाच्या मनात ठरावीक प्रश्न असतात. चेंडू येण्याआधी हा मान वळवून मागे बघतो का? अंगावर माणूस असताना चेंडू मागतो की लपतो? घेतल्यावर पुढे वळतो की दर वेळी सेंटर बॅककडेच परत देतो? आपला बॅक वर गेला की त्याची रिकामी जागा झाकतो का? हेडनंतर सुटलेल्या सेकंड बॉलवर आधी पोचतो का? आणि संघाच्या पायातून चेंडू गेला की पहिल्या तीन सेकंदांत काय करतो? व्हिडिओतला प्रत्येक तुकडा यांतल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर असला पाहिजे. ज्या तुकड्यातून कुठलंच उत्तर मिळत नाही, तो कितीही देखणा असला तरी काढून टाक.

एक तुकडा डोळ्यासमोर आण. तुमचा लेफ्ट बॅक चेंडू घेऊन पार वर गेलाय आणि त्याचा पास कापला जातो. तू सेंटर सर्कलमध्ये आहेस. पास कापला जाण्याच्या आधीच तू एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघितलेलं आहेस, म्हणून त्यांचा विंगर मोकळ्या जागेत पळायला लागतो तेव्हा तूही त्याच क्षणी पळायला लागलेला असतोस. चौथ्या सेकंदाला तू त्याच्यासमोर पोचतोस. अंगावर झेपावत नाहीस, पाय टाकत नाहीस. आतली बाजू बंद करून त्याला टचलाइनकडे रेटतोस. सहाव्या सेकंदाला त्याचा वेग उतरतो, तोवर तुमचा बॅक मागे आलेला असतो. आठव्या सेकंदाला तू चेंडू बाहेर ढकलतोस, थ्रो-इन. स्टेडियमवर याला कुणी टाळी वाजवली नसेल. पण डिफेन्सिव्ह हाफ शोधणाऱ्या माणसाला या आठ सेकंदांत तुझी नजर, तुझा पल्ला आणि तुझा संयम तिन्ही कळतं. तुझ्या मित्रांच्या मोबाईलमध्ये असा तुकडा बहुधा नसणार, कारण चेंडू गोलजवळ आला की मगच त्यांनी कॅमेरा चालू केलेला असतो. म्हणूनच नव्याने चित्रीकरण करावं लागेल. त्याकडे येतोच.

लांबी साडेतीन ते चार मिनिटं ठेव, त्याहून जास्त नको. एक तुकडा सरासरी दहा सेकंदांचा, आणि त्याआधी तुला दाखवणारी एक सेकंदाची स्थिर चौकट. या हिशोबाने चार मिनिटांत वीस-एकवीस तुकडे बसतात. तुझ्या जागेसाठी आमची वाटणी अशी: चेंडू हिसकावणं, पास कापणं, टॅकल हे सहा, दबावाखाली चेंडू घेऊन वळणं पाच, पुढे फोडणारे पास आणि एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला खेळ फिरवणारे पास पाच, मागे धावत येऊन जागा झाकणं तीन, हवेतला चेंडू आणि सेकंड बॉल दोन. गोल हवाच असेल तर एकच ठेव, तोही चालू खेळातला, आणि शेवटाकडे. हे तुकडे कमीत कमी चार-पाच वेगवेगळ्या सामन्यांतले असू देत. सगळं एकाच सामन्यातलं असलं की बघणाऱ्याला वाटतं, त्या एका दिवशी पोराला सूर सापडला होता.

क्रम लावताना कालक्रम विसर. सर्वांत चांगले चार तुकडे पहिल्या पन्नास सेकंदांत यायला हवेत. प्रशिक्षक हे व्हिडिओ बरेचदा मोबाईलवर, प्रवासात, एकामागून एक बघतात आणि सुरुवातीला पकड बसली नाही की पुढच्या लिंककडे जातात. ते चारही वेगवेगळ्या प्रकारचे ठेव. एक टॅकल, एक वळण, एक लांब पास, एक मागे धावणं. पुढे मग सारख्या प्रकारचे तुकडे एकत्र आले तरी चालतं, उलट तुलना करायला सोपं जातं.

कात्री कुठे चालवायची, इथे बहुतेक मुलं चुकतात. तुकडा चेंडू तुझ्या पायाशी येण्याच्या निदान चार सेकंद आधी सुरू कर. तू कुठे उभा होतास, काय बघितलंस, जागा कशी घेतलीस हे त्या चार सेकंदांतच दिसतं. आणि संपव तुझा पास सहकाऱ्याने ताब्यात घेतल्यावर आणखी दोन सेकंदांनी. तुझ्या पायातून चेंडू सुटताक्षणी तुकडा कापलास की अनुभवी माणूस लगेच ओळखतो: पास चुकला होता, ते लपवलंय. मग बाकीच्या वीस तुकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो. टॅकल उत्तम पण पुढचा पास थेट समोरच्याला गेला असेल, तर तो तुकडा घेऊच नकोस.

तुला ओळखणं हे बघणाऱ्याचं काम नाही. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला चौकट एक ते दीड सेकंद थांबव आणि तुझ्याभोवती वर्तुळ किंवा डोक्यावर बाण टाक. रंग सगळीकडे एकच ठेव. हिरव्या मैदानावर पिवळा किंवा लाल उठून दिसतो, पण समोरच्या संघाची जर्सी त्याच रंगाची असेल तर बदल. वर्तुळाने पाय झाकू नकोस. खेळ चालू असताना वर्तुळ तुझ्यामागे पळवत ठेवायची गरज नाही, त्याने खेळाकडचं लक्ष उडतं. डाव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरांत स्पर्धा, समोरचा संघ, महिना-वर्ष आणि तुझा जर्सी क्रमांक लिही. कोल्हापूरच्या माणसाला पाटाकडील, शिवाजी तरुण, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा ही नावं ऐकली की सामन्याचा दर्जा कळतो. गोव्यातल्या माणसाला कळत नाही. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, त्यामुळे शहराचं नाव बाहेरच्यांना ठाऊक असेल. पण केएसएची वरिष्ठ गट साखळी कुठल्या तोलाची आहे, हे तुलाच ईमेलमध्ये एका ओळीत सांगावं लागेल.

सुरुवातीची पाटी सहा सेकंदांची पुरे. नाव, जन्मतारीख, उंची, वजन, जागा, कुठला पाय, सध्याचा संघ, फोन आणि ईमेल. साधी काळी पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं. उडत येणारी नावं, ज्वाळा, ट्रॉफीसोबतचे फोटो नकोत. जन्मतारीख आणि उंची खरीच लिही. भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या खेळाडूंच्या केंद्रीय नोंदणीत तुझी जन्मतारीख आहेच, आणि ट्रायलला उभा राहिलास की उंची कुणालाही दिसते.

गाणं काढून टाक. एक कारण साधं आहे: गाणं हक्काचं नसेल तर यूट्यूब त्यावर दावा लावतं, मध्ये जाहिराती येतात, कधी व्हिडिओच अडवला जातो. दुसरं कारण म्हणजे प्रशिक्षक आवाज बंद करूनच बघतात. मैदानावरचा मूळ आवाजही बंद कर. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचे समर्थक आमनेसामने असताना काय काय कानावर येतं ते तुला माहीत आहे, ते गोव्याच्या क्लबने ऐकायची गरज नाही. स्लो मोशनही नको, कारण वेग दाखवणं हाच तर हेतू आहे. खेळ जरासा जलद करून दाखवायची युक्तीही करू नकोस, बाकीच्या एकवीस जणांची चाल बघून ती लगेच पकडली जाते. जगलिंग, जिम, टर्फवरचा फाइव्ह-अ-साइड हे सगळं बाहेर.

आता चित्रीकरण. खरी मेहनत इथे आहे, आणि खर्च फारसा नाही.

एक माणूस ठरव, ज्याचं सामन्यात दुसरं काही काम नाही आणि गोल झाला की जो नाचायला उठणार नाही. लहान भाऊ, चुलत बहीण, कुणीही. त्याला मोबाईल, दीड मीटर उंचीचा ट्रायपॉड आणि मोबाईल पकडणारा क्लॅम्प दे. ट्रायपॉडचं डोकं आडवं अलगद फिरणारं हवं. फोटोसाठीचं स्वस्त डोकं अडखळत फिरतं आणि चित्र झटके खातं. जागा मध्यरेषेसमोर, स्टँडच्या जितक्या वरच्या पायरीवर मिळेल तितकी वर. जमिनीवरून काढलेल्या चित्रात खेळाडू एकमेकांच्या आड जातात आणि दोन फळ्यांमधलं अंतर दिसतच नाही. तुझा तर सगळा खेळच त्या अंतरात आहे. गावाकडच्या मैदानावर स्टँड नसेल तर शेजारच्या इमारतीची गच्ची किंवा उभ्या टेम्पोचा हौदा बघ, मालकाला विचारून. समर्थकांच्या घोळक्यापासून लांब बस. झेंडे कॅमेऱ्यासमोर येतात आणि पायऱ्यांवर नाचलेलं ट्रायपॉडला जाणवतं. ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला पाण्याच्या दोन बाटल्यांची पिशवी लटकव, वाऱ्यात हलणार नाही. समोर जाळी असेल तर लेन्स अगदी जाळीला टेकव. लांबून काढलं की मोबाईल खेळ सोडून जाळीवरच फोकस धरतो. सूर्य पाठीशी हवा. दुपारच्या सामन्यात समोरून ऊन आलं तर खेळाडूंच्या नुसत्या काळ्या आकृत्या मिळतात.

मोबाईल आडवा धर. यावर चर्चाच नको, उभ्या चित्रात मैदान मावत नाही. रिझोल्यूशनचा हिशोब मात्र समजून घे. टचलाइनपासून १५ मीटर मागे बसून मोबाईलच्या नेहमीच्या लेन्सने काढलं, तर मैदानाच्या मध्यावर साधारण ६० मीटर रुंदी चौकटीत येते. १०८० रिझोल्यूशनमध्ये आडवे १९२० पिक्सेल असतात, म्हणजे पावणेसहा फुटी खेळाडू जेमतेम ५५-६० पिक्सेल उंच दिसतो. त्यात पाठीवरचा नंबर वाचता येत नाही. तेच ४के मध्ये काढलंस तर तो ११० पिक्सेलच्या पुढे जातो, आणि नंतर संपादनात चौकट अर्ध्यावर आणली तरी चित्र फाटत नाही. तेव्हा मोबाईलला जमत असेल तर ४के, सेकंदाला ३० फ्रेम. एका हाफला फाइलच्या प्रकारानुसार आठ ते सोळा जीबी जागा लागते, म्हणून आदल्या रात्री मोबाईल रिकामा कर. उन्हात ४के काढताना मोबाईल तापून आपोआप बंद पडतो. वर टोपी किंवा पुठ्ठ्याची सावली धरायची, कव्हर काढायचं, एअरप्लेन मोड लावायचा (मधेच कुणाचा फोनही येत नाही), ब्राइटनेस कमी ठेवायचा. तरीही तापत असेल तर १०८० मध्ये काढ आणि मोबाईलला खरी २एक्स लेन्स असेल तर ती वापर. बोटांनी ताणून केलेला डिजिटल झूम नको.

सामना सुरू होण्याआधी मैदानाच्या मध्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक कर. नाहीतर ढग आला-गेला की चित्र उजळतं-काळवंडतं. मोबाईल ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन बंद ठेव, कॅमेरा फिरवताना ते उलट झटके देतं. भावाला सांग, चेंडू मध्ये ठेवायचा नाही, तू आणि चेंडू दोघंही चौकटीत राहायला हवेत. चेंडू उजव्या कोपऱ्यात असला तरी डावीकडे तू कुठे सरकतोस ते दिसलं पाहिजे. संपूर्ण हाफ न थांबता काढायचा. थांबवून परत चालू करण्यात नेमका हवा तो क्षण निसटतो, आणि हल्ला तुटल्यानंतरचे तुझे तीन सेकंद नेहमी तिथेच असतात.

शक्य तर एक छोटी वही भावाकडे दे. तू काही चांगलं केलंस की घड्याळातलं मिनिट लिहायचं: "२३ — कापला, ४१ — लांब पास". सामन्यानंतर दीड तासाचं चित्र पुन्हा चाळण्यात संध्याकाळ जाते, ती वाचेल.

फाइल मोबाईलमधून काढताना बरेच जण घाण करतात. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो, बारीक खेळाडू धुरकट होतात. तुझ्या जुन्या तुकड्यांचं तेच झालं असणार. मित्रांकडे मूळ फाइल अजून असतील तर ड्राइव्हवरून किंवा केबलने घे. व्हॉट्सअ‍ॅपच वापरायचं असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांग, तशी दोन जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी येते.

संपादन मोबाईलवर व्हीएन या अ‍ॅपमध्ये होतं, लॅपटॉपवर शॉटकट या सॉफ्टवेअरमध्ये, दोन्ही फुकट. लॅपटॉप जुना असेल आणि मोबाईलची फाइल अडखळत चालत असेल तर शॉटकट ती संपादनाला सोपी करून घ्यायचा पर्याय देतो, तो वापर. आधी सगळ्या सामन्यांतले चाळीसेक तुकडे कापून एका फोल्डरमध्ये ठेव. नाव देताना प्रकार, संघ आणि मिनिट लिही, म्हणजे नंतर शोधाशोध होत नाही. मग तुमच्या प्रशिक्षकाला किंवा संघातल्या एखाद्या जाणत्या खेळाडूला बोलावून चाळिसातले वीस निवड. एकट्याने निवडू नकोस. आपल्याला ज्या तुकड्यामागची धडपड आठवते तो आपल्याला भारी वाटतो. बाहेरच्याला फक्त पडद्यावरचं दिसतं. शेवटी एमपी४, एच.२६४, १०८० मध्ये साधारण १० एमबीपीएसवर काढ. चार मिनिटांची फाइल ३०० एमबीच्या आसपास होईल.

एवढी फाइल ईमेलला जोडता येत नाही, जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. यूट्यूबवर "अनलिस्टेड" ठेवून लिंक पाठव. "प्रायव्हेट" ठेवलंस तर समोरच्याला उघडणारच नाही. ड्राइव्हची लिंक दिलीस तर "लिंक असलेल्या कुणालाही" ही परवानगी दे. नाहीतर त्याला तुझ्याकडे परवानगी मागावी लागते आणि तो ती मागत बसत नाही. पाठवण्याआधी लिंक ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडून बघ. पाच क्लबांना तू आधी जे पाठवलंस ते त्यांच्याकडे उघडलं तरी का, हेसुद्धा आज याच पद्धतीने तपासून घे.

हायलाइट्सच्या जोडीला दोन पूर्ण सामने तयार ठेव. हे फार महत्त्वाचं आहे. कुणाला तुझ्यात रस वाटला तर त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पूर्ण सामना आहे का? वीस चांगले क्षण कुणाचेही निघतात. चांगला क्षण नसतो त्या सत्तर मिनिटांत तू काय करतोस, ते त्याला बघायचं असतं. एक सामना तगड्या संघाविरुद्धचा घे, भले हरलेला असो. यूट्यूबवर १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढवायला खातं फोन नंबरने पडताळून घ्यावं लागतं, ते आधीच करून ठेव. वर्णनात ०:०० पासून वेळा लिहिल्यास (कमीत कमी तीन) व्हिडिओचे आपोआप भाग पडतात. दुसरा हाफ कुठे सुरू होतो आणि तुझे चार-पाच महत्त्वाचे क्षण कुठे आहेत, तेवढं दे.

कुणाला पाठवायचं? इंडियन सुपर लीगमधल्या क्लबच्या मुख्य संघाच्या प्रशिक्षकाला लिहून उपयोग नाही. त्याच क्लबांचे राखीव आणि युवा संघ २०२२ मध्ये सुरू झालेल्या रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीगमध्ये खेळतात, ती मुख्यतः २१ वर्षांखालच्यांसाठी आहे. तुझं वय तिथे बसतं, पण वेळ फार नाही. गोव्यात धेंपो, साळगांवकर, चर्चिल ब्रदर्स, स्पोर्टिंग क्लब द गोवा हे गोवा प्रो लीगमधले जुने संघ आहेत. मुंबईत स्थानिक लीगच्या वरच्या गटातले संघ बघ. आमच्या मते पहिली पायरी म्हणून या स्थानिक लीग तुझ्यासाठी जास्त खऱ्या आहेत, कारण तिथे प्रत्यक्ष सामने खेळायला मिळतात. आणि पुढचा व्हिडिओ त्या सामन्यांतूनच होतो.

पत्ता क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावरून घे; युवा विभागाचा प्रमुख किंवा स्काउटिंगचा माणूस सापडला तर उत्तम. इन्स्टाग्रामच्या प्रतिक्रियांत लिंक टाकत बसू नकोस. ईमेल साध्या इंग्रजीत, सहा-सात ओळींत. विषयाच्या ओळीतच जागा, जन्मवर्ष, कुठला पाय आणि शहर येऊ दे, म्हणजे न उघडताही कळतं. आत तू कोण, कुठल्या लीगमध्ये, किती सामने आणि किती मिनिटं खेळलास, सीआरएस क्रमांक, हायलाइट्सची लिंक, पूर्ण सामन्याची लिंक, आणि तुमच्या प्रशिक्षकाचा फोन, त्यांना विचारून. प्रत्येक क्लबला वेगळी ईमेल लिही. एकाच ईमेलमध्ये पाच क्लबांचे पत्ते दिसले की पाचही जण ती सोडून देतात. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा, फक्त एकदा, दोन ओळींची आठवण. त्यानंतर नवा व्हिडिओ तयार झाल्यावरच.

वेळही साधायला हवी. कोल्हापूरचा हंगाम पावसाळ्याआधी संपतो आणि बाहेरचे क्लब नव्या हंगामाची जुळणी त्यानंतर करतात. म्हणून हंगाम संपत आला की संपादन उरकून मे-जूनमध्ये पाठव. संघ भरून नोंदणी झाल्यावर पाठवलेला उत्तम व्हिडिओही तसाच पडून राहतो.

आता त्या २५ हजारवाल्याकडे. व्हिडिओत त्याला जे करायचं आहे ते तू आणि तुझा भाऊ मिळून कराल. राहिली ट्रायल. "ट्रायल लावून देतो" याला विचारायचे प्रश्न साधे आहेत. कुठल्या क्लबची, कुठल्या तारखेला, क्लबकडून पत्र किंवा क्लबच्या अधिकृत पत्त्यावरून ईमेल आहे का? मग त्याच क्लबला स्वतः फोन करून खात्री कर. तो स्वतःला एजंट म्हणवत असेल तर फिफाचा परवाना विचार. २०२३ मध्ये फिफाने एजंटांसाठी परीक्षा आणि परवाना पुन्हा सक्तीचा केला आहे, आणि परवानाधारकांची नावं फिफाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. खरा एजंट खेळाडूच्या करारातून टक्केवारी मिळवतो, म्हणजे तुला पगार सुरू झाल्यावर. आधी रोख मागणाऱ्याचं पोट तुझ्या करारावर चालत नाही. तुला करार मिळाला नाही तरी त्याचं काहीच बिघडत नाही. आणि "जागा मर्यादित आहेत, उद्यापर्यंत भर" असं म्हणाला तर बोलणं तिथेच थांबव.

वडील पैसे द्यायला तयार आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. त्यातले दोन-अडीच हजार ट्रायपॉड, क्लॅम्प आणि पॉवर बँकेला लावा. बाकीचे बाजूला ठेवा. गोव्याहून किंवा मुंबईहून बोलावणं आलं तर चार-पाच दिवस राहायला, जेवायला आणि जाण्यायेण्याला ते लागतील. ट्रायलच्या आदल्या रात्री बसमध्ये अवघडून जाऊन सकाळी थेट मैदानात उतरू नये म्हणूनही. पुढच्या सामन्याला भावाला अर्धा तास आधी पाठव, मध्यरेषेसमोरची वरची पायरी धरायला.